हातसडीचा नवस

सौंदड, १२ ऑगस्ट १९३६

आज मी माझ्या पोटच्या मुलाला गड्याचा पोरगा म्हणालो.

कोणाला सांगण्यासारखी गोष्ट नाही आणि पोटात जिरेल अशीही नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. अर्जुनीचे मालगुजार भैय्यालाल बिसेन माझी धानगिरणी पाहायला आले होते. आमच्या पोवार समाजात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी इंजिन पाहिले, धानाची साल काढणारा हलर पाहिला, तांदूळ तळहातावर घेऊन फुंकला आणि म्हणाले, "बिसनलाल, मोतीच काढून राहिला बाप्पा तू!" मी फुगलो. त्यांना ओसरीवर बसवून आत चहा सांगितला, तेवढ्यात ईसर भिंत धरत धरत बाहेर आला. अडीच वर्षांचा झाला तरी भिंत सोडत नाही. एक पापणी अर्धी मिटलेली, हनुवटीवर लाळ. तो सरळ भैय्यालालजींच्या धोतराला हात लावायला गेला.

"हा कोनाचा?" त्यांनी पाय आवरत विचारले.

"गड्याचा पोरगा आहे," मी म्हणालो. तोंडातून गेलेच ते.

माझी बायको सुखवंता चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने ऐकले. तिने कप ठेवले, पदर सारखा केला आणि ईसरचा हात धरून म्हणाली, "चाल रे, तुही माय वाट पाहून राहिली." माझे खोटे तिने असे सावरून घेतले. मी चहा प्यायलो. त्याची चव काही कळली नाही.

१५ ऑगस्ट

सुखवंता माझ्याशी नेहमीसारखीच बोलते आहे. भांडली असती तर बरे झाले असते.

ईसर असा का झाला, याचे कारण आईने केव्हाच ठरवून टाकले आहे. तीन वर्षांपूर्वी पोळा आणि सूर्यग्रहण एकाच दिवशी आले. सुखवंताला तेव्हा दिवस होते. बैलांच्या नैवेद्याला उशीर होईल म्हणून तिने ग्रहण सुटायच्या आधीच विळीवर भोपळा चिरला. आईने पाहिले आणि कपाळाला हात लावला. आता गावात कोणीही ईसरविषयी विचारले की आई एकच सांगते, "इनं ग्रहनात भोपळा चिरला, पोराची वाचा चिरली." सुखवंता खाली मान घालून ऐकते. तिलाही ते पटले आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलो. ग्रहण म्हणजे सावली, हे मला माहीत आहे. पण आईला मी ते कधी सांगितले नाही. कारण सापडले की शोध थांबतो, आणि शोध थांबलेला मला बरा वाटतो.

कारण जन्मला तेव्हा ईसर चांगला होता, हे मला आठवते. आरडाओरडा करून घर डोक्यावर घ्यायचा. तिसऱ्या महिन्यात त्याचा आवाज बसला. तोंड वासायचा, चेहरा लाल व्हायचा आणि आवाजच नाही. मग ओकाऱ्या, मग झटके. आम्ही आशा सोडली होती. तशात सुखवंताच्या भावाचे लग्न निघाले, ती ईसरला घेऊन माहेरी गेली आणि तिथेच राहिली. उन्हाळा संपता संपता परत आली तेव्हा पोरगा जगला होता, पण हा असा. आई म्हणते, माहेरच्या देवाने जीव दिला, वाचा मात्र ग्रहणाने नेली.

आता सुखवंताला पुन्हा दिवस आहेत, सातवा महिना चालू आहे.

३ सप्टेंबर

गिरणीचा पट्टा बदलला. कांडण करणारी रुख्मिणी कोंडा मागायला आली होती. गिरणी येण्याआधी अर्ध्या गावाचे धान तिच्या मुसळाखाली जायचे. आता तिला कोणी बोलावत नाही. तरी तिच्या तोंडी तक्रार नाही. कोंड्याचा मांडा करणारी बाई. कोंड्याच्या भाकरी थापते आणि कडेवरचे पोर गुबगुबीत, सारखे ओरडत असते.

"पोराले काय चारतं वो?" मी थट्टेने विचारले.

"तुमचा बैल खाते तेच," ती म्हणाली. आम्ही दोघेही हसलो.

२४ सप्टेंबर

आईला न सांगता ईसरला घेऊन छोट्या रुळाच्या गाडीने गोंदियाला गेलो. रेल्वेच्या दवाखान्यात अप्पाराव म्हणून नवे डॉक्टर आले आहेत, तेलुगू मुलखातले, समुद्राकाठून बदलून. माझ्या तांदळाच्या वॅगनी भरतात म्हणून स्टेशनमास्तरांची ओळख, त्यांनी चिठ्ठी दिली. येणारे मूल तरी धड निघावे, एवढेच विचारायचे होते.

त्यांनी ईसरची पापणी वर करून पाहिली, पायावर हातोडी मारली. मग एकदम विचारले, "छोटा था तब रोता था, तो आवाज निकलती थी?"

हे मी त्यांना सांगितलेच नव्हते.

मग बाळंतपणात सुखवंताने काय खाल्ले, ते विचारले. मी अभिमानाने सांगितले. डाळ बादी, वात करणारी, भाजी थंड, म्हणून माझ्या आईने तिला तूप आणि भात सोडून कशाला हात लावू दिला नाही, आणि भात म्हणाल तर माझ्या गिरणीचा, दोनदा पॉलिश केलेला, वरची पेज गाळून टाकलेला. डॉक्टरांनी हातोडी खाली ठेवली. मग म्हणाले, त्यांच्याकडे किनाऱ्यावर अशी मुले त्यांनी पुष्कळ पाहिली. तांदळाचे सत्त्व त्याच्या वरच्या लालसर सालीत असते. गिरणीत ती साल निघून कोंड्यात जाते. उरलेले पेजेबरोबर जाते. दुसरे काहीच खात नसेल तर आईच्या दुधात ते सत्त्व उतरत नाही, आणि मूल आतून उपाशी राहते. "बीमारी तो वही थी. दिमाग पर उसका असर पडा, ये मैं पक्का नहीं कह सकता, पर मुझे लगता है." आणि पुढच्या बाळंतपणात गिरणीचा तांदूळ बंद, हातसडीचा द्या, पेज टाकू नका, डाळ द्या.

मला राग आला. साऱ्या दुनियेत गिरण्या आहेत. साहेबलोक पांढरा तांदूळ खातात, त्यांची मुले काय मुकी आहेत? तेलुगू लोकांचे काही वेगळे असेल. परतीच्या गाडीत ईसर माझ्या मांडीवर झोपला होता. सुखवंताच्या माहेरी गिरणी नाही, तिथे मुसळाचाच तांदूळ खातात, हे आठवले, आणि मी त्याच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिलो.

घरी सुखवंताने विचारले, "का सांगलं डागदरनं?"

"नशीब म्हणाला," मी सांगितले.

५ नोव्हेंबर

परवा मुलगी झाली. रडणे असे की इंजिनाच्या आवाजातही ऐकू येते. आईने कानांवर हात ठेवले, पण हसत.

८ नोव्हेंबर

आईने या वेळी पथ्य अधिकच कडक केले आहे. एकदा ग्रहणाने दणका दिला, आता चूक नको म्हणते. डाळीचे पाणीसुद्धा नाही. "बाळंतिनीले गिरनीचाच पांढराफेक भात देजो, बिसन," म्हणाली. मी स्वतः नव्या धानातले एक पोते वेगळे काढले.

काढताना डॉक्टर आठवले. खोटे कशाला लिहू, आठवले. एकदा वाटले, आईला म्हणावे, रुख्मिणीकडून धान कांडून आणू. पण गिरणीच्या मालकाच्या घरी मुसळाचा आवाज आला तर गाव काय म्हणेल? हलवाई आपली मिठाई खात नाही, तर दुसऱ्याने का खावी? हंगाम आत्ता कुठे सुरू होतो आहे. आणि डॉक्टर स्वतःच म्हणाले होते ना, पक्के सांगता येत नाही?

पोते मीच खांद्यावर घेऊन घरात आणले.

१७ जानेवारी १९३७

मुलीचा आवाज घोगरा झाला आहे. आई म्हणते, थंडी.

सुखवंता म्हणते तिच्या पायांना मुंग्या येतात, चपला पायातून निसटलेल्या कळत नाहीत. मी म्हणालो, ओल्या जमिनीवर बसत जाऊ नको.

२० जानेवारी

मुलगी आज रडली तेव्हा आवाज आला नाही. तोंड उघडे, गळ्याच्या शिरा ताठ, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज नाही. सुखवंताने माझ्याकडे पाहिले. तिला ईसर आठवला. मलाही ईसर आठवला, पण मला आणखीही काही आठवले आणि ते तिला माहीत नव्हते.

मला सप्टेंबरापासून माहीत होते. माहीत असून मी पोते खांद्यावर आणले. माझ्या लेकरासमोर मी आज उभा राहू शकलो नाही, अंगणात जाऊन बैलाच्या मानेला धरून उभा राहिलो.

आई बाहेर आली आणि म्हणाली, "प्रतापगडले जाय बिसन, दर्ग्यावर नारळ चढव. इचं ग्रहन अजून फिटलं नाही." मी हो म्हणालो. नारळ पिशवीत टाकला आणि स्टेशनवर गेलो. अर्जुनीजवळच्या त्या प्रतापगडला दक्षिणेची गाडी जाते. मी उत्तरेच्या, गोंदियाच्या गाडीत बसलो.

२१ जानेवारी

डॉक्टर अप्पाराव माझ्यावर ओरडले. दवाखान्यातल्या माणसांसमोर ओरडले आणि मी ते ऐकून घेतले. "मैंने बोला था ना? बोला था के नहीं?" मी मान हलवली. मग त्यांनी स्वतःच खुर्ची दिली. मुलीसाठी बाटलीत औषध दिले, तिला काही दिवस आईचे कमी, शेळीचे दूध जास्त द्यायला सांगितले. सुखवंताला हातसडीचा भात, पेज, डाळ, आणि ताजा कोंडा पाण्यात भिजवून ते गाळलेले पाणी रोज. "अभी भी वक्त है. घर में सबको समझाओ, ठीक से समझाओ."

गाडीत मी समजवायचे शब्द जुळवत होतो. आई डॉक्टरचे ऐकणार नाही, बाटली नालीत ओतेल. हे खरे आहे. पण तेवढेच खरे नाही. मला आईपुढे उभे राहून म्हणावे लागले असते की भोपळ्याने काही झाले नाही, माझ्या गिरणीने झाले. सुखवंतापुढे म्हणावे लागले असते. आणि मग पाणवठ्यावरून ते गावभर गेले असते, आणि गावातून भैय्यालालजींपर्यंत.

गोंदियाच्या बाजारातून मी रेवड्या घेतल्या. घरी आलो आणि आईच्या हातावर ठेवल्या, प्रसाद म्हणून. म्हणालो, दर्ग्यावर नवस बोलून आलो. ग्रहणाचा दोष आहे, तो फेडायला सुखवंताने वर्षभर यंत्राचा तांदूळ खायचा नाही. फक्त हातसडीचा. पेजेचा थेंब टाकायचा नाही, डाळ पवित्र मानून खायची, कोंड्याचे पाणी तीर्थ म्हणून घ्यायचे. आणि बाटली? ती तिथल्याच एका हकिमाची.

आईने रेवडी डोळ्यांना लावली. एका शब्दाने विरोध केला नाही. दुपारी तिनेच रुख्मिणीला बोलावले आणि मागच्या पडवीत उखळ मांडले.

नारळ गोंदियाच्या फलाटावर बाकाखाली राहिला.

२५ जानेवारी

मुलगी रडली. आवाजासकट. सकाळी मी गिरणीत होतो, इंजिन बंद होते, आणि घरातून तो आवाज आला. मी धावत गेलो. आई रडत होती, रुख्मिणी मुसळ हातात धरून हसत होती.

सुखवंता उठली आणि सगळ्यांसमोर माझ्या पायांवर डोके ठेवले. म्हणाली, "माह्या चुकीपायी तुमाले किती तरास झाला. तुमी नसते गेले तं माही पोरगी गेली असती."

मी तिला उठ म्हणालो. तेव्हा बोलायला हवे होते. सगळे होते तिथे, आई होती, आनंद होता, आनंदात माणसे माफ करतात. मी म्हणालो, "देवाची कृपा."

मुलगी वाचली याचा मला आनंद आहे. पण सुखवंताच्या कपाळाचा तो स्पर्श पायावरून जात नाही. एखाद्या चोराला आपण घराचा राखणदार म्हणून ओवाळावे, तसे झाले.

२ मार्च

आमच्या नवसाची कीर्ती झाली आहे. लोक मला वाटेत थांबवून नमस्कार करतात. भजनाला पुढे बसवतात. गिरणीला गर्दी वाढली आहे, ती वेगळीच गंमत. नवस बायकोचा, दोष बायकोचा, तांदूळ मात्र बिसनलालचाच चांगला!

सुखवंताच्या पायांच्या मुंग्या गेल्या. ती ईसरलाही तोच भात भरवते. तो आता भिंत सोडून चार पावले टाकतो. बोलत नाही. डॉक्टर म्हणाले होते, जे गेले ते सगळे परत येईल असे समजू नका. हेही मी तिला सांगितलेले नाही. ती रोज सकाळी त्याला समोर बसवून "माय म्हन, माय म्हन" म्हणत असते.

२८ मार्च

भैय्यालालजी आले होते, सोबत सून निर्मलाबाई. तिचे दिवस भरत आले आहेत, पहिलीच खेप. बाळंतपणासाठी माझ्या गिरणीचा उत्तमातला उत्तम तांदूळ हवा म्हणून मुद्दाम स्वतः आले, बैलगाडी घेऊन.

सुखवंता ईसरला कडेवर घेऊनच बाहेर आली. भैय्यालालजींनी त्याला ओळखले. "हा तं तुमच्या गड्याचा ना?"

माझी मान खाली गेली. सुखवंता म्हणाली, "नाही जी, माहाच पोरगा होय. मीच ह्यायले सांगलं होतं, पाव्हन्याईपुढं गड्याचा म्हना म्हनून. माहीच लाज होती." एवढे बोलून ती निर्मलाबाईजवळ बसली आणि आपल्या तोंडाने सगळी कथा सांगितली. ग्रहण, भोपळा, ईसरची वाचा, मुलीचा गेलेला आवाज, माझा नवस. निर्मलाबाईचा चेहरा उतरला.

"मंग मीही हातसडीचाच खाऊ का वो?" तिने विचारले.

मनात म्हणालो, हो म्हण, सुखवंता, हो म्हण.

सुखवंता तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुमाले कायले पायजे बाई? तो तं दंड होय, माह्यासारखीले. तुमच्या दिवसाइत तं ग्रहनच आलं नाही. तुमी भेऊ नोका. मस्त पांढरा भात खा."

मी घसा खाकरून भैय्यालालजींना म्हणालो, "तसं पाहिलं तर हातसडीचा तांदूळही बाळंतिणीला चांगला असतो म्हणतात. डाळही थोडी..."

ते खो खो हसले. "अन् लोकाइनं माह्या तोंडात शेन घालावं? मालगुजाराची सून कांडलेला तांदूळ खाऊन राहिली म्हनून? गिरनीवाला असून तूच असा बोलतं काऊन?"

काऊन! उत्तर जिभेवर होते. एवढे सोपे उत्तर होते. सुखवंता माझ्याकडे पाहत होती, कौतुकाने. मी गड्यांना हाक मारली. पोते गाडीत चढवताना एक टोक मी धरले.

२९ मार्च

उद्या अर्जुनीला जाऊन भैय्यालालजींना एकट्याला गाठून सगळे सांगणार. अजून बाळंतपण व्हायचे आहे. वेळ आहे. काय होईल? हसतील, गिरणी बसेल, समाजात नाव जाईल. जाऊ दे. सुखवंतालाही सांगणार, आधी तिलाच. ईसर तिच्यामुळे असा नाही, हे तिला कळलेच पाहिजे. तिने ती गोष्ट परक्या बाईला सांगितली तेव्हा तिचा आवाज कसा खाली गेला होता, ते माझ्या कानातून जात नाही.

३० मार्च

आज गेलो नाही. वॅगन लागली होती.

४ एप्रिल

सुखवंताला सांगायला म्हणून मागे पडवीत गेलो. ती रुख्मिणीबरोबर कांडत होती, ईसर कोंड्यात खेळत होता. तिने विचारले, "काही पायजे का जी?" मी पाणी मागितले.

१९ एप्रिल

भैय्यालालजींचा माणूस पेढे घेऊन आला. निर्मलाबाईला मुलगा झाला. मूल धट्टेकट्टे, रंग आजोबांचा. घरात सगळे खूश आहेत, आणि बाळंतीण दोन्ही वेळ माझाच भात खाते आहे, दुसरे काही घेऊ देत नाहीत. पहिले पोते पाहुण्यांतच संपले, म्हणून आणखी एक मागवले आहे.

आईने पेढा देवापुढे ठेवला. सुखवंताने एक ईसरच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "बरं झालं बाई, तिचं तं निभावलं."

माणूस ओसरीवर खोळंबला होता. मला माझी लाज वाटते. पण ती वाटत असतानाच मी उठलो, कोठीतून पोते काढले आणि त्याच्या गाडीत ठेवले.